नेटा मावशीची राहिलेली पोर

आमच्या ग्रूनहोफ गावात सावात्स्की आडनावाची एकोणीस घरं आहेत. नुसतं सावात्स्की म्हणून भागत नाही. कुणी कोंबडीवाले, कुणी पुलापलीकडचे, आणि माझी आगानेटा मावशी ‘डाववाली नेटा’. अठ्ठावीस वर्षं ती गावच्या शाळेत मुलांना सूप वाढत होती. हातात डाव घेऊन उभी राहिली की पाळकांचा मुलगाही ताटात काही टाकत नसे.

सदुसष्टाव्या वर्षी ती माझ्या गॅरेजमध्ये तिच्या नवऱ्याची, इस्ब्रांडकाकांची, जुनी सायकल ढकलत घेऊन आली. काका जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि तेवढीच वर्षं सायकल गोठ्यात पडून होती. गिअर तीन, त्यांतले चालणारे दोन, आणि ब्रेक असा की आधी प्रार्थना करायची, मग दाबायचा.

“कॉर्नी, हिला साडेसातशे किलोमीटर जायचंय.”

“कुणाला, सायकलला?”

“वर मी असणार आहे.”

मी कपाळाला हात लावला. दर जूनमध्ये आमच्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या मंडळ्यांतले चाळीसेक लोक शेजारच्या सस्कॅचेवान प्रांतातल्या स्विफ्ट करंटपासून मॅनिटोबा प्रांतातल्या आमच्या गावापर्यंत दहा दिवस सायकल चालवतात. झांबियातल्या तीन शाळांतल्या मुलींच्या फीसाठी पैसे उभे करतात. पण ते सगळे तरुण, नाहीतर निदान तसे दिसायची खटपट करणारे. त्यांची पुढारी मार्लीस मावशीला अगदी गोड बोलून म्हणाली, “मावशी, तुम्ही स्वयंपाकघरातून मदत करा ना.”

“अठ्ठावीस वर्षं तिथूनच केली,” मावशी म्हणाली. “आता जरा रस्त्यावरून करते.”

मावशीला सहावीनंतर शाळेतून काढून गाई दोहायला बसवलं होतं. ती याचं रडगाणं कधी गात नसे. पण शाळेत कुणी पोर अभ्यासाला कंटाळलेलं दिसलं की त्याला म्हणे, “ये इकडे, तुझी सातवी मला दे.”

रविवारी उपासनेनंतर चर्चच्या दाराशी कागद लागला. कोण दर किलोमीटरला किती देणार ते सर्वांदेखत लिहायचं. आमचे लोक दानशूर खरे, पण हिशेबी. कुणी दहा सेंट लिहिले, कुणी पाव डॉलर. मग आले डीडरिककाका, मावशीचे धाकटे दीर. बटाट्याची चारशे एकर शेती, आणि स्वभाव असा की चमडी जाईल पण दमडी जाणार नाही. सूर्यफुलाच्या बिया चघळत त्यांनी कागद वाचला.

“वहिनी, तुम्ही धान्याच्या कोठारापर्यंत तरी पोचाल का?”

“तुम्ही लिहा तर, भावजी.”

सगळं गाव बघत होतं. काकांनी पेन्सिल घेतली आणि लिहिलं, ‘पाच डॉलर. फक्त स्वतःच्या पायांनी मारलेल्या किलोमीटरला.’ त्याखाली मावशीने लिहिलं, ‘कबूल.’ तिने मनाला फार ताण दिला असं मला वाटलं नाही. वरच्या फलकावर लिहिलंच होतं, एका मुलीची वर्षाची फी पंचावन्न डॉलर. पंचावन्न भागिले पाच. सहावीपर्यंतचं गणित तिला पुरेसं होतं.

“म्हणजे दर अकरा किलोमीटरला एक पोर पास,” ती म्हणाली.

काका हसत हसत गाडीत बसले. बाई दुसऱ्या दिवशी परत येणार आणि गावात आपली उदारता फुकटात गाजणार, असाच त्यांचा अंदाज असावा. असावा म्हणतो, कारण हा माणूस मला आजही पुरता कळलेला नाही.

सामानाची गाडी चालवायचं काम माझ्याकडे आलं. सर्वांत शेवटच्या सायकलीच्या मागे, पिवळा दिवा लावून. शेवटची सायकल कुणाची, हे सांगायला नको. पुढे चाळीस जण घट्ट चड्ड्यांत वाकून चाललेले, आणि दोन मैल मागे मावशी ताठ बसलेली. पोटऱ्यांपर्यंतचा झगा, तो उडू नये म्हणून घेराला कपड्यांचे दोन चिमटे, डोक्यावर काळा रुमाल आणि त्यावर हेल्मेट. आमच्याकडे वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून मोहीम पूर्वेकडे जाणारी आखलेली. शहाण्या माणसांनी आखलेली. त्या वर्षी वारा सहा दिवस पूर्वेकडून आला.

वाऱ्यापेक्षा वाईट म्हणजे आमच्या प्रेअरीतली माणसं. रस्त्यात एकटी म्हातारी दिसली आणि तिला गाडीत न घेता पुढे गेलो, तर शेजारी काय म्हणतील! पहिल्याच दिवशी सतरा जण थांबले. प्रत्येकाला मावशी सायकलवरून उतरून उत्तर द्यायची, कारण बसून उत्तर देणं उद्धटपणाचं. मग तो विचारायचा, तुम्ही कुठल्या सावात्स्की? की संपलंच. एकाची आजी मावशीच्या आजीच्या मामेबहिणीची जाऊ निघाली. त्यापायी पाऊण तास गेला आणि वर रूबार्बच्या आंबट देठांचा केक खावा लागला.

पण पोरी पास होत होत्या. दर अकरा किलोमीटरला मावशी एक हात वर करून ओरडायची, “पास!” आजूबाजूच्या गाई माना वर करून बघायच्या. मला गाडीच्या काट्यावर लक्ष ठेवून भोंगा वाजवायचं काम होतं. मी दहाव्या किलोमीटरला वाजवून तिला खूश करायचा प्रयत्न एकदा केला. तिने सायकल थांबवली, मागे आली, काटा स्वतः वाचला आणि मला शाळेत सूप सांडणाऱ्या मुलांकडे बघायची तशी बघून निघून गेली.

रोज संध्याकाळी जेवणाच्या वेळी मला डीडरिककाकांचा फोन.

“कुठवर आल्या वहिनी?”

“एकशे साठ.”

पलीकडे बियांची टरफलं थुंकल्याचा आवाज. “गुडघा बिडघा दुखत असेल ना?”

“नाही.”

“वय आहे रे. दुखला तर लपवू नका म्हणावं.”

चौथ्या दिवशी मी तीनशे पाच सांगितलं. पलीकडे कागदावर पेन्सिल खरखरली. मग, “तुझ्या गाडीचा काटा बरोबर आहे ना?” नंतर काकूंनी सांगितलं की त्या दिवसापासून ते कॉफीत साखर घालेनासे झाले. आणि बुधवारच्या प्रार्थनेत उभे राहून म्हणाले, “प्रभू, वहिनींना सुखरूप घरी आण, आणि शक्य तर लवकर.”

सहाव्या दिवशी दुपारी पूर्वेचं आभाळ हिरवं झालं. पुढचे सगळे फेअरली गावात पोचले होते. आम्ही दोघं उघड्या माळावर. आधी वाटाण्याएवढ्या, मग अक्रोडाएवढ्या गारा. एक हेल्मेटवर आदळली आणि मावशी सायकलसकट आडवी झाली. मी तिला उचलून गाडीत कोंबलं, सायकल मागे टाकली आणि फेअरलीपर्यंत थांबलो नाही. तिथे चर्चच्या तळघरात गरम सूप, कोरडे कपडे, सगळ्यांची धावपळ. तिथेच मुक्काम होता. सकाळी तिथूनच सगळे निघाले, तीही निघाली. ती दुपारी डबा खाताना एकदम थांबली.

“कॉर्नी, काल मी गाडीत किती आले?”

मी काटा बघितला होता. बघितला नसता तर बरं झालं असतं. “अकरा.”

तिने डब्याचं झाकण लावलं. “एक पोर राहिली.”

मागे फिरायचं ती म्हणाली. मार्लीसने हात जोडले. त्या दिवशी शहाण्णव किलोमीटर कापायचे होते आणि पुढच्या गावात पन्नास माणसांचं जेवण मांडलेलं. मी मावशीला समजावलं, “अगं, गारा देवाने पाडल्या. म्हणजे ते अंतर त्यानेच माफ केलं.”

“गारा देवाने पाडल्या. गाडीत तू बसवलंस.”

“बरं, पंचावन्न डॉलर मी भरतो.”

“भर की. पण मग ती तुझी पोर. माझी कुठाय?”

“कुणाला कळणार आहे?”

हे मी बोलायला नको होतं. ती पुढे सायकलवर चढली आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. “पास!” मात्र ओरडत होती, पण हात वर करत नव्हती. मला माझाच राग आला, आणि खरं सांगायचं तर तिचाही आला. इतकं सरळ असू नये माणसाने, दुसऱ्यांची पंचाईत होते.

शनिवारी दुपारी आम्ही गावात शिरलो. शाळेची मुलं, कागदी झेंडे, वासरासारखी हुंदडणारी कुत्री. मावशीचं नाक सोललेलं, एक टायर मी चिकटपट्टीने बांधलेलं. रविवारी उपासना संपल्यावर पाळक उठून म्हणाले, “आणि आपली बहीण आगानेटा, साडेसातशे किलोमीटर!” आमच्या चर्चमध्ये टाळ्या वाजवत नाहीत. त्या दिवशी दोघातिघांनी वाजवल्या.

मावशी उभी राहिली. “सातशे एकोणचाळीस.”

तिने गारांचं सांगितलं, गाडीचं सांगितलं, गाडी कुणाची तेही सांगितलं. माझे कान तापले. पाळक म्हणाले, “आगानेटा, गारांत कोण सायकल चालवणार? आपण साडेसातशेच धरू.” माना डोलल्या. तेवढ्यात डीडरिककाका उठले. हातात उपासनेची पत्रिका, तिच्या पाठीवर पेन्सिलीने हिशेब.

“कागदावर स्वतःचे पाय लिहिलंय,” ते म्हणाले. “सातशे एकोणचाळीस.” आणि खाली बसले.

लोकांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की मला त्यांचीच दया आली. मावशी मात्र म्हणाली, “भावजींचं बरोबर आहे.”

दुपारी मी मावशीकडे कलिंगड आणि गरम रोलकुकन, म्हणजे पिठाच्या तळलेल्या लांबट पुऱ्या, खायला गेलो होतो. रोलकुकन तळणीतून काढताना ती नेहमी माझ्यावर ओरडते, त्या दिवशी ओरडलीही नाही. दार न वाजवता डीडरिककाका आत आले. बसले. तीन रोलकुकन खाल्ले, चौथा हातात घेतला.

“वहिनी, उद्या पहाटे पाचला तयार राहा. सायकल माझ्या गाडीत टाकू.”

“कुठे?”

“फेअरलीच्या पलीकडे अकरा किलोमीटर. कॉर्नी येईल, जागा त्याला माहीत आहे. गाढवपणा त्याचाच.”

जायला साडेतीनशे किलोमीटर, यायला साडेतीनशे. त्यांची ती बटाट्याची अजस्र गाडी. मी मनात हिशेब केला, दीडशे डॉलरचं पेट्रोल. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. “काका,” मी म्हणालो, “त्यापेक्षा पंचावन्न डॉलर देऊन टाका ना.”

“न केलेल्या कामाचे?” ते इतक्या जोरात म्हणाले की हातातला रोलकुकन खाली पडला. तो उचलून त्यांनी खाल्ला.

पहाटे निघालो. मावशी मागच्या सीटवर हेल्मेट मांडीवर घेऊन झोपली. काका काचेतून समोर बघत बिया चघळत होते. दोन तास गेले. मग अचानक, माझ्याकडे न बघता म्हणाले, “इस्ब्रांडला आठवीतून काढलं. दोघांपैकी एकालाच शिकवणं परवडत होतं. वडलांनी चिठ्ठ्या टाकल्या. माझं नाव निघालं.”

मी त्यांच्या हातातल्या पिशवीतल्या चार बिया घेतल्या.

फेअरलीच्या पलीकडे गारांनी झोडपलेलं शेत मी ओळखलं. सायकल उतरवली. मावशीने घेराला चिमटे लावले आणि निघाली. मागे काकांची गाडी, दिवे लुकलुकत, ताशी चौदाच्या वेगाने. आणि झालं सुरू. पहिला शेतकरी आमच्या शेजारी येऊन थांबला.

“गाडी बिघडली का हो?”

“नाही.”

दुसरा थांबला. “त्या बाईंना सोडू का कुठे?”

“नको!”

तिसऱ्याला काकांनी काच खाली करून दम दिला. “गाडी ठीक आहे! बाई ठीक आहे! अकरा किलोमीटर राहिलेत, तेवढे मारतेय!”

“का राहिलेत?”

“गारा पडल्या.”

“मग मोटारीत घ्यायचं ना तिला.”

“तेच तर केलं या गाढवाने!” काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. शेतकऱ्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि निघून गेला.

फेअरलीची पाटी दिसली. पाटीजवळ मावशीने दोन्ही हात वर केले. ब्रेकचं सांगितलंच आहे, त्यामुळे ती थेट चर्चच्या आवारात जाऊन कुंपणाला टेकली. “पास!” ती ओरडली. आवाज बसला होता. ती रडत होती आणि ते लपवायचा तिने काहीच प्रयत्न केला नाही. मीही केला नाही.

काका गाडीतून उतरले नाहीत. शेतापासून निघताना त्यांनी काटा शून्यावर आणून ठेवला होता. चष्मा लावून त्यांनी तो वाचला, मग खिशातून चर्चच्या दारावरचा तो कागद काढला. मला वाटलं, आता आणखी काय निघतंय.

“अकरा पूर्णांक चार,” ते म्हणाले. “चारशे मीटर जास्त झाले. दोन डॉलर वर.”

“जाऊ द्या हो भावजी,” मावशी डोळे पुसत म्हणाली. “ते सोडा.”

“सोडा कशाला?” काका खेकसले. “पायांनी मारलेत ना?”