टेक्निकलच्या मागच्या गाडीत

"लोखंड आहे," डॉक्टर म्हणाले. "तुझ्या डाव्या डोळ्याच्या आत. आणि ते गंजायला लागलंय."

ग्लासगोच्या हॉस्पिटलमधल्या त्या खोलीत त्यांनी सीटी स्कॅनची फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली होती. करड्या गोलात तांदळाच्या कणीसारखा पांढरा ठिपका. आजाराचं नाव सिडरोसिस. म्हणजे डोळ्यात अडकलेल्या लोखंडाचा अंश हळूहळू पडद्यात उतरतो आणि दृष्टी जाते. किती जाते, असं मी विचारलं. ते म्हणाले, "तसंच ठेवलं तर सगळी."

मी हे लिहितोय ते माझ्यासारख्यांसाठी. परदेशी शिकायला येऊन डॉक्टरांच्या प्रश्नाला घाईघाईनं "नो" म्हणणाऱ्यांसाठी. नीट सांगता येईल की नाही, ठाऊक नाही.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. बाबा सांगोल्यात गवंडीकाम करतात. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती, मी ग्लासगोला शिकत होतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत एका मदतसंस्थेबरोबर मी सोमालियात गेलो, विहिरींवर हातपंप बसवायला.

तिथे आमची गाडी एकटी रस्त्यावर जात नसे. पुढे एक 'टेक्निकल' लागायची. टेक्निकल म्हणजे साधी मालवाहू पिकअप. टप कापून टाकलेला, समोरची काच नाही, आणि मागच्या हौद्यात विमानविरोधी तोफ वेल्डिंगनं बसवलेली. मदतसंस्था असल्या पहाऱ्याचा खर्च 'टेक्निकल' मदत म्हणून दाखवायच्या, त्यावरून हे नाव पडलं असं लोक सांगत. सरकार उरलं नव्हतं. ज्याच्याकडे अशी गाडी, त्याचा रस्ता. तोफेमागे माझ्या वयाची पोरं चपला घालून बसलेली असत. ती पोरं आमच्या रक्षणाला होती, पण मला भीती त्यांचीच वाटायची.

संस्थेच्या सॅटेलाइट फोनवरून बाबांना म्हणालो, "आमच्यासोबत रोज टेक्निकल असते." त्यांना टेक्निकल हायस्कूलच आठवलं. आईला ओरडून म्हणाले, "अगं, पोरगा टेक्निकलला आहे!" त्या आवाजातला आनंद ऐकून मला पुढे बोलवेना.

एका वळणावर समोरून गोळ्या आल्या. टेक्निकल आमच्या पुढेच थांबली आणि तोफ सुरू झाली. छातीत कुणी घण मारतंय असं वाटत होतं. गोळ्या तिच्या पत्र्यावर आपटत होत्या, तुकडे उडत होते. माझ्या डाव्या डोळ्यात काहीतरी टोचलं. वाळू असेल म्हणून बाटलीतल्या पाण्यानं धुतलं. संध्याकाळी दुखायचं थांबलं. आम्ही सगळे जिवंत होतो, त्यापुढे डोळ्याचं कोण काय घेऊन बसतंय?

ग्लासगोला परतल्यावर काही आठवड्यांनी फळ्याची डावी बाजू पुसट दिसू लागली. रूममेट म्हणाला, "तुझ्या एका डोळ्याची बाहुली केवढी मोठी झालीय!" आरशात पाहिलं, डाव्याचीच होती; तसाच हॉस्पिटलला गेलो.

डोळ्यांच्या क्लिनिकमधल्या तरुण डॉक्टरांना ऑप्टिक न्यूरायटिसचा, म्हणजे डोळ्याच्या नसेला सूज असल्याचा संशय आला. एमआरआय करायचं ठरलं. त्याआधी त्यांनी विचारलं, कधी धातूचं काम केलंयस? वेल्डिंग, ग्राइंडिंग? मी म्हणालो, "नो." सुट्टीत काय केलंस? "पंप्स. अँड वी हॅड टेक्निकल्स." त्यांनी 'टेक्निकल वर्क' लिहिलं. डोळ्यात कधी धातू गेलाय? "नो." मला खरंच वाळू वाटली होती.

एमआरआयच्या दाराशी गाऊन घालून बसलो होतो. तिथल्या स्कॅनच्या डॉक्टर पुण्याच्या निघाल्या, डॉ. कर्णिक. फॉर्मवरचं माझं नाव, गाव आणि 'टेक्निकल वर्क' वाचून बाहेर आल्या.

"सांगोल्याचा का रे? आणि टेक्निकलला होतास?"

"टेक्निकलला नव्हतो, मॅडम. टेक्निकलच्या मागच्या गाडीत होतो."

"मागच्या गाडीत? टेक्निकल काय गाडी असते?"

मी सांगितलं. पिकअप, तोफ, गोळ्या, उडालेले तुकडे. त्यांचा चेहरा बदलत गेला.

"आणि डोळ्यात?"

"थोडी वाळू गेली होती."

"वाळू! अरे गाढवा, ऊठ आधी तिथून."

दंडाला धरून त्यांनी मला दारापासून लांब नेलं. मग माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त धाप लागलेली. एमआरआय म्हणजे प्रचंड ताकदीचं लोहचुंबक. डोळ्यात लोखंड असेल तर ते आतल्या आत ओढलं जाऊन पडदा फाडू शकतं. त्यांनी एक्स-रे काढायला लावला, मग सीटी. पुढचं सुरुवातीला सांगितलंच आहे.

ऑपरेशनचं नाव व्हिट्रेक्टमी. डोळ्यातला जेलीसारखा भाग काढून बारीक चिमट्यानं कण बाहेर काढतात. पडदा सुटण्याचा धोका असतो, हे सर्जनांनी स्पष्ट सांगितलं. मी सही केली. डॉ. कर्णिक डब्यातून मऊ भात घेऊन आल्या. "घाबरलायस?" म्हणाल्या. मी हो म्हणालो. "घाबर. पण यापुढे कुणी काही विचारलं तर लांबलचक उत्तर देत जा. कंटाळू देत त्यांना."

हेच तुम्हालाही सांगायचंय. शब्द आपल्याला कळला, समोरच्यालाही कळला, असं धरून चालू नका.

पट्टी निघाली तेव्हा आधी नुसतं दूध दिसलं. मग बोटं. कडेचं थोडं दिसणं गेलं ते गेलंच, आणि मोठ्या आवाजाला मी अजून दचकतो. पण डोळा राहिला. त्या बाईंचे आणि त्या सर्जनांचे आभार मानायला मला मराठीतही शब्द सापडत नाहीत.

नर्सनं वॉर्डातला चाकांवरचा फोन पलंगाजवळ आणून दिला. बाबांना सगळं सांगितलं.

"चांगला डोळा झाक," ते म्हणाले.

"झाकला."

"काय दिसतंय?"

"खिडकी. बाहेर पाऊस आहे. एक बाई चाललीय, छत्री आहे."

"रंग कुठला?"

"कळत नाही, बाबा."

"नीट बघ."

मी बघत राहिलो. ती वळली.

"हिरवी आहे."

"हां," बाबा म्हणाले. "अजून सांग."