टेकाडावरचा भंडारा

खरं सांगते, त्या दुपारी देवीवरचा माझा विश्वास पार ढेपाळला होता. माझ्या वडिलांना, अप्पांना, घेऊन मी भालकीहून भीमेकाठच्या सन्नतीला, चंद्रलांबेच्या देवळात आले होते. भाऊ पुण्याला कंपनीत, मग सोबत कुणाची? अप्पांना हल्ली माणसं आठवेनाशी झाली होती. पोटच्या लेकीला, मला, ते ‘बाई’ म्हणायचे. "आई, एकदा तरी मला ओळखू दे त्यांना," एवढंच मागणं होतं. ओटी भरायला वाकले, वळून बघते तर अप्पा नाहीत!

देऊळ, दुकानं, बसथांबा सगळं पालथं घातलं. नजर राहून राहून नदीकडेच जायची, पाणी चांगलंच खोल होतं. मग मात्र मी देवीशी भांडलेच. "ओळख मागायला आले, तर माणूसच घेतलंस व्हय?" काय बोलते याचं भान नव्हतं.

खण-नारळ विकणारी एक अक्का माझा अवतार बघून उठली. तिचं माहेर आमच्याच भागातलं, राजेश्वरचं, म्हणून या कानडी मुलखातही मराठी बोलायची. अप्पा हरवल्याचं सांगितलं, तर ते काय काम करायचे, असं तिनं विचारलं. म्हटलं, आम्ही धनगर, सारा जन्म मेंढरं राखली त्यांनी.

"मग नदीकडं कामून बघायलीस? मेंढक्या उंचावर जाऊन बसतो, कळप दिसावा म्हणून. चल."

दुकान तसंच उघडं टाकून ती निघाली. गावाबाहेर शेतांमध्ये एक टेकाड आहे, तिथं उकरताना बुद्धाचा जुना स्तूप निघालेला. कोरीव शिळा जागोजाग मांडल्या होत्या. त्यातल्या एकीपुढे अप्पा निवांत मांडी घालून बसले होते. शिळेवर कोरलेली पावलं, आणि त्यांवर अप्पांनी पिशवीतला सगळा भंडारा उधळलेला. आमच्या बिरोबाच्या हळदीनं बुद्धाची पावलं पिवळीधमक! मी तिथल्या राखणदाराच्या हातापाया पडू लागले.

"ऱ्हाऊ द्या अक्का, हळदच हाय, झाडून काढतो," तोही आमच्याच बोलीत हसून म्हणाला. "म्हातारबा मला सांगायलेत, हे बिरोबाचं ठाणं हाय, आवाज करू नको."

तेव्हा वाटलं, चुकलं काय त्यांचं? या नदीकाठी किती काळापासून माणसं येतात, कुणी देवीपुढे वाकतं, कुणी बुद्धापुढे. अप्पांनी पावलं पाहिली आणि हात जोडले, एवढंच.

मी शेजारी बसले आणि मनसोक्त रडले. अप्पा माझ्याकडं वळले.

"कामून रडायलीस बाई? कुणाची गं तू?"

"तुमचीच, अप्पा."

बोटाला उरलेली हळद त्यांनी माझ्या कपाळाला लावली. "मग बरं हाय," म्हणाले.

परतताना अप्पांचा हात धरून देवळात गेले. त्या अक्काला कुणी धाडलं, हे देवीला विचारलं नाही. नवसही बोलले नाही. हात जोडून म्हटलं, "आई, आमची दोघांची ओळख मी जपते. त्यांना तेवढं तू सांभाळ."