बंद ठेवायचे दिवस

चालू यंत्र दिसलं की आमच्या शेजारचे काका त्यावर तळवा टेकवत. चाळीचा पाण्याचा पंप असो की शिंप्याचं मशीन. डोळे मिटून म्हणत, "चालतंय म्हणजे ठीक आहे, असं नाही."

पंप गळायच्या आधीच ते त्याचा वायसर बदलायला लावत. गिरगावातली आमची अख्खी चाळ हसायची.

मीही विचारायचो, "काका, ताप नसताना औषध कशाला?"

"तू तुझ्या चळवळीची पत्रकं लिही रे. पंपात तोंड घालू नकोस."

काका फोर्टातल्या एका कचेरीत इंजिनियर. देशात पुढे अणुवीज केंद्र उभं राहायचं होतं. ते चालवायला आणि राखायला दरसाल किती खर्च येईल, याचा अंदाज बांधायचं काम त्यांच्याकडे. जे अजून उभंच नाही, त्याच्या दुरुस्तीने झोप उडालेला माणूस तुम्ही पाहिलाय? मी पाहिला.

एका संध्याकाळी ते माझ्या खोलीत आले. वरच्या साहेबांना ही वीज कोळशाच्या विजेपेक्षा स्वस्त दाखवायची होती. म्हणून अणुभट्टी दरवर्षी बंद ठेवून तपासायचे दिवस अंदाजातून कापा, असा हुकूम आला होता.

"काटकसर मलाही कळते रे. माणसं नीट शिकवा, सुटे भाग हिशेबाने घ्या, खर्च उतरतो. पण तपासणी कापली तर तो उतरत नाही, पुढच्यांच्या माथी बसतो. लिही तू हे."

मी लिहिलं. संयुक्त महाराष्ट्रासाठी आमची पत्रकं जिथे छापली जात, तिथल्या पुढाऱ्याने अर्धा मजकूर खोडला आणि वर मथळा ठोकला : 'दिल्लीची भट्टी, मुंबईचा जीव!'

काका वाचून हादरले. "अरे, भट्टी मला हवीय!"

"असं लिहिल्याशिवाय कोण वाचणार, काका?"

"मग छापू नका."

मूळ मजकूरच छापा, म्हणून पुढाऱ्याशी मी भांडलो. तो म्हणाला, "आधी मुंबई घेऊ दे. भट्टीचं मग बघू." मुंबईसाठी लाठ्या मीही खाल्ल्यात. पण मिळालेली वस्तू राखायची कुणी, हे विचारायचंच नाही का?

काकांनी कापलेल्या अंदाजावर सही केली नाही. शेजारच्या टेबलावरच्याने केली. महिन्याभरात काकांची बदली झाली, दिल्लीला.

निघताना टॅक्सीच्या खिडकीतून त्यांनी माझं मनगट धरलं. "भट्टी उभी राहील तेव्हा तू असशील. त्यांना विचार, वर्षातून एकदा बंद ठेवता ना?"

"कुणाला विचारू, काका?"

टॅक्सी सुटली तेव्हाही त्यांना विचारण्याजोगं एकही नाव सुचलं नव्हतं.