चौकात जड, सरळ रस्त्यावर ठीक

मी हाडांचा डॉक्टर. शिकाऊ डॉक्टरांना मी दरवर्षी एकच गोष्ट बजावतो: पेशंटला हात लावण्याआधी त्याला बोलू द्या. हे मी इतक्या रुबाबात सांगतो, की ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस घरीही असाच वागत असेल.

आमची गाडी चौदा वर्षांची. मला हॉस्पिटल पायी दहा मिनिटांवर, त्यामुळे ती बायकोच चालवायची. ती चंडीगढजवळच्या खरड गावातल्या एका कॉलेजात शिकवते. मागच्या हिवाळ्यात एकदा चहा पिताना ती म्हणाली, "अहो, स्टीअरिंग मध्येच अडकतंय. चौकात वळताना."

आमच्या चंडीगढमध्ये पावलोपावली गोल चौक आहेत. मी मात्र रविवारी गाडी काढली आणि विमानतळाकडच्या सरळसोट रस्त्यावर नेली. दोन बोटांनी चालवून दाखवली. "बघ, लोण्यासारखं फिरतंय!"

"चौकात बघा ना वळवून."

चौक वाटेत आले होतेच. माझ्या हाताला काहीतरी जाणवलंही होतं. पण निखळलेले खांदे बसवणारे हात माझे. मनगटाचा जोर दिला आणि गाडी वळली. "तुझ्या हातात ताकद नाही, बाकी काही नाही," मी निकाल देऊन टाकला.

तेव्हा तिनं एक चिठ्ठी लिहून दिली. गाडीच्या मिस्त्रीकडे जाल तेव्हा हे सांगा, म्हणाली. मी ती न वाचता डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकली.

इथं आम्ही सहा-सात मराठी घरं महिन्यातून एकदा एकत्र जेवतो. कुणी फौजेतले, कुणी विद्यापीठातले. त्या महिन्यात मी, हिच्या हातात ताकदच नाही म्हणत, सगळ्यांसमोर बायकोच्या गाडी चालवण्याची नक्कल केली. छाती स्टीअरिंगला टेकवलेली, डोळे विस्फारलेले, ओठ आवळलेले. एका कर्नलसाहेबांना हसता हसता ठसका लागला. तीही हसली आणि कोशिंबीर वाढत राहिली. मला वाटलं, वा, किती खिलाडू बायको आहे आपली.

पुढच्या सोमवारपासून ती बसनं जायला लागली. घरातून तासभर आधी निघायची, थंडीत, धुक्यात. मी कारणही विचारलं नाही. उलट बरं झालं म्हणालो, पार्किंगची कटकट गेली.

उन्हाळ्यापर्यंत गाडीवर धूळ साचली. आता कुणी चालवतच नाही तर विकून टाकू, म्हणून मी ती शहराच्या मनीमाजरा भागातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे तपासायला नेली. स्टीअरिंगचं मी नुसतं तोंडातल्या तोंडात सांगितलं. त्यानं बॉनेट उघडलंच नाही. आधी विचारलं, "डॉक्टर साब, गड्डी चलांदा कौण ऐ?"

"मेरी वाइफ."

"ते ओ की कैंदे ने?"

काय म्हणतात त्या? हा माझाच प्रश्न होता. तेव्हा कुठे चिठ्ठी आठवली. विम्याच्या कागदांखाली ती तशीच घडी घातलेली होती. मराठीत होती, त्यामुळे मिस्त्रीसाठी मलाच ती हिंदीत मोठ्यानं वाचावी लागली.

सरळ रस्त्यावर काही त्रास नाही. चौकात वळवताना मध्येच जड होतं, मग एकदम हलकं. दर फेरीला त्याच जागी. वळून झाल्यावर चाक आपणहून सरळ होत नाही, ओढून आणावं लागतं. थंडीत सकाळी जास्त.

माझ्या हाताखालच्या कुठल्याही पोरानं पेशंटची इतकी नेमकी हकिगत लिहिलेली नाही. खाली आणखी एक ओळ होती: "मी घाबरते असं त्याला सांगू नका. आधी घाबरत नव्हते."

"बस? होर कुछ?" मिस्त्रीनं विचारलं.

"बस," मी म्हणालो आणि चिठ्ठी खिशात घातली.

त्यानं पुढची चाकं जॅकवर उचलली आणि स्टीअरिंग अगदी सावकाश फिरवलं. "एत्थे," म्हणत माझा हात त्या जागी स्टीअरिंगवर ठेवला. खरंच अडकत होतं, आणि दर फेरीला त्याच जागी. स्टीअरिंगपासून खाली जाणाऱ्या दांड्यात एक सांधा असतो, तो गंजून जाम व्हायला आला होता. सांधा! मी ज्यांच्यावर पोट भरतो, त्यातलाच एक. "मैडम ने ते सब दस दित्ता सी," तो म्हणाला; मॅडमनी तर सगळं सांगितलंच होतं. "किसे दिन चौक विच फस जांदी." एखाद्या दिवशी अडकलीच असती: चौकात, दोन्ही बाजूंनी गाड्या येत असताना, ती एकटी.

नवा सांधा बसवून गाडी मी घरी आणली. किल्ली बायकोच्या हातात दिली आणि म्हणालो, "सांधा जाम होता. तुझं बरोबर होतं."

ती किल्लीकडे बघत राहिली. "म्हणजे मला येत होतं," ती म्हणाली.

मी माफी मागितली. मनापासून मागितली, एवढं तरी माझ्या बाजूनं लिहू द्या. ती म्हणाली, "माझ्याकडे नको. नक्कल सगळ्यांसमोर केलीत ना, मग हेही तिथंच सांगा."

"पुढच्या जेवणात सांगतो. पक्कं."

त्या जेवणाला गाडी तिनंच चालवत नेली. एकदाही अडखळली नाही. आम्ही दोघं दारातून आत शिरतोय तोच, खिडकीतून तिला गाडी लावताना पाहिलेले कर्नलसाहेब ओरडले, "काय वहिनी, आज लावली वाटतं ताकद!" सगळे खो खो हसले. या वेळी ती हसली नाही. हातातलं कोशिंबिरीचं भांडं टेबलावर ठेवून तिनं माझ्याकडे पाहिलं. नुसती वाट बघत उभी राहिली.

वाक्य मी तयार करून आणलं होतं. दोनच शब्दांनी सुरू होत होतं: माझं चुकलं. मी तोंड उघडलं.

"पुऱ्या गरम आहेत ना?" मी विचारलं.

ती वळली आणि ताटं मांडायला गेली.