गुळाचा चुना

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे वळणावरच्या दगडांना चुना दिला. बायको कुंचा मारायची, मी बादली धरायचो. बाहेरच्या ओळीतले शेवटचे काही दगड राहिले आणि दिवस मावळला. "ऱ्हाऊ द्या आता. उद्या उरकू," म्हणाली. परवा रविवार, म्हणजे रेस. मी बादलीवर पोतं टाकलं. घर तिथनं हाकेवर. जाऊन भाकरी खाल्ली, झोपलो. एवढंच.

मी साताऱ्याकडच्या एका घाटात मैलकुली होतो. मैलकुली म्हणजे सरकारी रस्त्याचा गडी. खड्डे बुजवायचे, गटारं काढायची, दरड आली तर बाजूला सारायची. शाळा माझी दुसरीपर्यंत. लिहिलेलं वाकडं असेल तर असू द्या.

घाट जुना. आधी नुसती बैलगाडीची वाट होती. समोरून गाडी आली की एकानं बैल सोडून मागं सरायचं, आणि कोण सरायचं यावरून भांडणं. बहात्तरच्या दुष्काळात रस्ता रुंद करायचं काम निघालं. विहिरी आटलेल्या, ऊस जळालेला. चांगल्या बागायतदारांच्या बायका पदर तोंडावर ओढून खडी फोडायला बसल्या. आम्ही दोघंही होतो. देवळाखालचं मोठं वळण आमच्या टोळीनं तोडलं. म्हणून ती त्याला "माजं वळण" म्हणायची. शेत नव्हतं आम्हाला, वळण होतं.

पुढं डांबर पडलं आणि पुण्याची क्लबवाली माणसं आली. रस्ता बघून खूश झाली. थंडीत एक रविवार घाट बंद ठेवायचा, खालून फटफट्या आणि मोटारी एकेक करून सोडायच्या, वर घड्याळ घेऊन माणूस बसलेला. ज्याला वेळ कमी लागला तो जिंकला. आमच्याकडची माणसं बैलांच्या शर्यती बघून वाढलेली, त्यांना हे पटेना. पहिल्या वर्षी कठड्यावर बसलेला एक म्हातारा मला म्हणाला, "शर्यत म्हनं, आन पळतोय एकलाच. हरवतोय कुणाला रं?"

"घड्याळाला."

"मग घड्याळ बी जुपा की जोडीला."

खालची वळणं साधी, दिसतात तशीच. आमचं वळण तसं नव्हतं. देवळापाशी येईपर्यंत रस्ता सरळ वाटतो. दरीपलीकडची पायवाट म्हणजे ह्याचाच पुढचा तुकडा, असं डोळ्याला दिसतं. आणि रस्ता तर डावीकडं मुरडलेला. सावकाश येणाऱ्याला कळतं. जोरात येणाऱ्याला कळतं तेव्हा खाली दरी. म्हणून तिथं पांढरे दगड लागायचे.

पहिल्या वर्षी चुना टिकावा म्हणून तिनं त्यात गूळ कालवला. तिच्या माहेरी सांगलीकडं भिंतीच्या चुन्यात गूळ घालायची रीत. चुना झकास बसला. पण पहाटे मोकाट म्हशी आल्या आणि बाहेरची ओळ चाटून गेल्या. कुणाच्या ध्यानात यायच्या आत पहिला फटफटीवाला सरळच्या सरळ खाली गेला. घाणेरीच्या जाळीत अडकला म्हणून वाचला, खांदा मोडला. हिनंच उतरून त्याला पाणी पाजलं, पदरानं तोंड पुसलं. गावात चेष्टा चालली, "वैनी, औंदा म्हशींना काय गोडधोड करताय?" ती हसायची नाही.

"माज्या गुळानं पडला त्यो," म्हणायची.

"तुझ्या गुळानं न्हाई, सोताच्या मस्तीनं पडला."

"कुणाच्या तरी आयचा हाय न्हवं? माज्या वळणावर पुन्यांदा कोण पडाय न्हाई पायजे."

तेव्हापासनं रेस जवळ आली की ती बाभळीचा डिंक गोळा करायची, मडक्यात भिजवायची आणि चुन्यात घालायची. म्हशी फिरकल्या नाहीत. कोणी पडलं नाही.

त्या शनिवारी पहाटे तिच्या छातीत कळ आली. ट्रक थांबवून कराडला नेलं. डॉक्टरनं तपासलं आणि घरी न्या म्हणाला. दुपारी गावाखाली ओढ्याकाठी अग्नी दिला. रडलो का, ते विचारू नका.

संध्याकाळी थोरला भाऊ माझ्यापाशी बसला होता. मी म्हणालो, "सकाळी ते ऱ्हायल्यालं दगड उरकतो."

"खुळा हाईस का? सुतकात चुना लावत्यात व्हय? चुना लग्नाला, न्हाईतर दिवाळीला. लोक शेण घालतील तोंडात."

"घराला कुठं लावतोय? रस्त्याला लावतोय."

"दुसऱ्या कुणाला सांग."

"दुसरा वरवर कुंचा फिरवून जाईल. तिचं वळण हाय, दादा."

भावानं खुंटीवरची टोपी काढून माझ्यापुढं ठेवली. मग म्हणाला, "टोपी घालून जा. डोकं भादरल्यालं हाय, गारठा लागंल."

उजाडताच गेलो. ट्रक थांबवायच्या गडबडीत बादली लवंडली होती, चुना मातीत गेलेला. नवा कालवायला घेतला, तर डिंकाचं मडकं रिकामं. नुसता चुना हात लागला की झडतो. घरात गूळ होता. तोच फोडून घातला आणि राहिलेले दगड पांढरे केले. मग कुंचा धुतला, काठी घेतली आणि दगडांपाशी बसलो. खाली पायथ्याला पहिली फटफटी सुरू झाल्याचा आवाज आला. तेवढ्यात चढावरनं म्हशी येताना दिसल्या. मी उठलो आणि त्यांना माघारी वळवलं.