ताईच्या वजनाची हवा

आमची ताई डेंटल लॅबमध्ये कवळ्या बनवते. जबड्यांचे साचे येतात, त्यांवर ती मेण चढवते, दात रचते, घासून गुळगुळीत करते. एकदा डिलिव्हरीचा माणूस आला नाही आणि टेकडीपलीकडच्या डॉक्टरांना कवळी तातडीने हवी होती. ताईने लॅबची खडखडती सायकल काढली. परत येताना मात्र ती डांबरी रस्त्याने आली नाही. पाण्याच्या टाकीमागून जी दगडधोंड्यांची पायवाट उतरते, त्या वाटेने उतरली.

त्या संध्याकाळी ती माझ्या दारात उभी राहिली तेव्हा कोपर सोललेलं होतं आणि चेहरा असा खुललेला, की मला वाटलं हिला बढती मिळाली.

"अगं, मला अजून येतं!" ती म्हणाली.

कॉलेजात असताना खाणीच्या उतारावर ताई मुलांच्याही पुढे असायची. लग्न ठरलं तशी तिने सायकल कुणाला तरी देऊन टाकली. दे म्हणून कुणी सांगितलं नव्हतं, सांगावं लागतही नसे.

आता तिने ओव्हरटाइम घ्यायला सुरुवात केली. जेवणाच्या सुट्टीत डब्याशेजारी मोबाइल उभा करून ब्रेक, गिअर, धक्के झेलणारे शॉक यांची माहिती वाचायची. "सायकल कवळीसारखीच गं," मला सांगायची, "ज्याची त्यालाच बसते." तिची बोटं आखूड, म्हणून ब्रेकचा दांडा मुठीजवळ आणता आला पाहिजे. पुढचा शॉक हवेचाच हवा, कारण आपल्या वजनाप्रमाणे त्यात हवा कमीजास्त करता येते. आणि फ्रेम लहान.

भावोजी हसले. "या वयात? आधी गुडघे तपासून घे." पण खरेदीच्या दिवशी तेही निघाले. म्हणे, "तुला फसवतील."

मीही बरोबर होते. दुकानदार पहिल्यापासून भावोजींशीच बोलत राहिला. "साहेब, घरात एकच घेताय तर दोघांना चालेल अशी घ्या. मधल्या मापाची फ्रेम."

"मला लहान लागेल," ताई म्हणाली.

"वहिनी, सीट खाली करता येते की."

"सीट खाली होते, हात लांब होत नाहीत."

दुकानदार हसला आणि भावोजींकडे बघू लागला. भावोजी म्हणाले, "मधलीच द्या." ब्रेक आणि शॉक या दोन गोष्टींसाठी मात्र ताई हटून बसली. तेवढं तिच्या मनासारखं झालं.

पहिल्याच रविवारी भावोजींनी सायकल "नुसती बघायला" नेली, ती दुपारी परत आणली. महिन्याभरात त्यांचा ग्रुप झाला, रंगीत जर्सी आली, पोट आत ओढून फोटो काढून झाले. ताईला उरली कामाच्या दिवसांची पहाट. त्यांचं वजन तिच्या दीडपट. शॉकचा छोटा पंप त्यांना जमत नसे, म्हणून शनिवारी हीच त्यांच्या वजनाची हवा भरून ठेवायची आणि सोमवारी आपल्यासाठी काढायची. मला हे सांगताना ती हसायची, पण ते हसू काही धड नव्हतं.

एका आठवड्यात लॅबमध्ये काम फार होतं आणि शनिवारी हवा भरायची राहून गेली. रविवारी भावोजी घाईत निघाले. ताई पंप घेऊन जिन्यापर्यंत धावली.

"अहो, थांबा! शॉकमध्ये हवा माझ्या वजनाची आहे."

"हवा ती हवा गं. तुझं आपलं काहीतरीच!"

टाकीमागच्या उतारावर एक मोठी पायरी आहे. तिथे पुढचा शॉक पार खाली बसला आणि भावोजी हँडलवरून समोर फेकले गेले. खांद्याचं हाड मोडलं.

दवाखान्यात ताईच्या सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "तू कशाला त्या सायकलशी खेळत होतीस? माझ्या मुलाचा जीव गेला असता."

ताईने भावोजींकडे पाहिलं. जिन्यातलं बोलणं ते सांगतील म्हणून ती वाट बघत होती. त्यांनी प्यायला पाणी मागितलं.

नंतर एकदा ती लॅबमधून घरी आली तर बाल्कनीतली सायकलची जागा रिकामी. दुकानदाराने गिऱ्हाईक आणलं होतं.

"मला विचारायचं तरी."

"तू वापरत कुठे होतीस फारशी?" भावोजी म्हणाले. त्यांना ते खरंच वाटत होतं, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

मी म्हटलं, दुसरी घे, आपण दोघीच जाऊ दुकानात. ती म्हणाली, "पुन्हा सगळं पहिल्यापासून समजावत बसायचं? नको."

परवा भावोजींचे ग्रुपवाले चहाला आले होते. भावोजी शर्टाची कॉलर बाजूला करून खांद्यावरचा उंचवटा दाखवत होते. उतार किती भयंकर होता, आपण कसे उडालो, रंगवून रंगवून सांगणं चाललं होतं. एकाने विचारलं, "वहिनी, तुम्ही कधी बसलात की नाही सायकलवर?"

"तिला उताराची भीती वाटते," भावोजी म्हणाले.

मी ताईकडे बघितलं. तिने ट्रे पुढे केला. "साखर बरोबर आहे ना?"

स्वयंपाकघरात मी तिला म्हटलं, "बोलली का नाहीस गं?"

ती कप विसळत होती. मान वर न करता म्हणाली, "तू होतीस की तिथे. तू कुठे बोललीस?"