भिशीला म्हणे शून्य मार्क!

मंडळी, आज ऑफिसात भांडून आलेय.

इथे जर्मनीत, बॉनमध्ये आम्ही पॅलेस्टिनी कुटुंबांची आर्थिक साक्षरता मोजतोय. सर्व्हेत एका बाईंनी सांगितलं, "बँकेत खातं नाही. आम्ही शेजारणी दर महिन्याला पैसे जमवतो, पाळीपाळीने एकीला सगळे मिळतात."

बॉस म्हणाला, "आल्झो (जर्मन 'तर मग'), ही बचत नाही. शून्य."

"अरे, ही भिशी आहे! आईला भिशी लागली तेव्हा माझी इंजिनिअरिंगची फी भरली गेली."

"आणि एखादी पैसे घेऊन पळाली तर? ग्राहकाला संरक्षण काय?"

"पळेल कुठे? समोरच्याच दारात राहते ती!"

ते शून्य मी टाकलेलं नाही, टाकणारही नाही. बॉसला सांगून आलेय, रिपोर्टवरून माझं नाव काढा खुशाल.

तुम्ही सांगा, तुमच्या आईला शून्य दिलं असतंत?